बजेटमधली कॅम्पर व्हॅन: आधी सीट ठरली, मग पलंग (एक प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधलं आहे, लंडनलगतच्या स्लाऊजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं. नावं देत नाहीये. मी त्यांना दादा-वहिनीच म्हणतो, इथेही तसंच लिहितो. दादा एका वेअरहाऊसच्या सिस्टिम्स सांभाळतो, वहिनी शाळेत असिस्टंट आहेत, मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि दादाचे आईवडील साताऱ्याला असतात, जमेल तेव्हा उन्हाळ्यात इकडे येऊन राहतात. त्यांच्या व्हॅनचं वायरिंग मी बघून दिलं, त्यामुळे हे सगळं जवळून बघायला मिळालं, पावत्या आणि कागदपण त्यांनी दाखवले आणि लोकांच्या कामी येणार असेल तर लिही म्हणाले.

कारण साधं होतं. वहिनींची सुट्टी शाळेच्या सुट्टीतच, आणि शाळांना सुट्टी लागली की इथे समुद्राकाठच्या कॉटेजची भाडी अशी चढतात की आठवडाभर वेल्सला जाऊन येणं म्हणजे भारताच्या तिकिटाइतका विचार करावा लागतो. तयार कॅम्पर, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या व्हॅन, त्यांनी बऱ्याच बघितल्या, पण ज्या धड होत्या त्या तीस हजार पौंडांच्या पुढे आणि ज्या स्वस्त होत्या त्यांचा खालचा पत्रा गंजलेला. मग ठरलं की सेकंडहँड पॅनेल व्हॅन घ्यायची, म्हणजे मागे खिडक्या नसलेली बंद मालवाहू व्हॅन, इथे प्लंबर, कुरिअरवाले, फुलवाले सगळे वापरतात ती, आणि आत स्वतःच्या हाताने घर करायचं. व्हॅनसकट बजेट १२,००० पौंड. दादाला सुतारकामाची आवड होती पण अनुभव म्हणजे घरातली दोन कपाटं, एवढाच.

नेमकी अडचण

बहुतेक लोक सुरुवात करतात ती पलंग कुठे आणि किचन कुठे या चित्रापासून. दादानेही तेच केलं होतं, वहीत सुंदर नकाशे काढले होते, पुढच्या सीट फिरवल्या की मागच्या टेबलाकडे तोंड होईल वगैरे. वहिनींनी एकच प्रश्न विचारला, चालू गाडीत पोरगी बसणार कुठे? आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सगळ्यात मोलाचा प्रश्न होता.

कारण पॅनेल व्हॅनला सीट फक्त पुढे असतात, दोन किंवा तीन. मागे बाकडं करून त्यावर बेल्ट लावला की झालं असं नसतं, ती सीट आणि तिचं फ्लोअरला असलेलं फिटिंग धडकेत उपटून येणार नाही याची खात्री लागते. त्यात इथल्या कायद्याप्रमाणे मूल १२ वर्षांचं होईपर्यंत किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, त्याला चाइल्ड सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतो. म्हणजे मुलगी कुठे बसणार हे ठरल्याशिवाय बाकी काहीच ठरत नव्हतं.

दुसरी अडचण लंडनच्या हवेची. २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझ, म्हणजे प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या रोजच्या चार्जचा झोन, लंडनच्या सगळ्या बरोजना (प्रशासकीय विभागांना) लागू झाला आणि डिझेल गाडी युरो ६ (धुराचा युरोपियन निकष) नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. स्लाऊ झोनच्या बाहेर आहे पण ही मंडळी गणपतीला, दिवाळीला, नाटकाला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जाणारी, १९३२ सालापासूनचं ते मंडळ आता झोनच्या आत येतं, आणि वहिनींची बहीणही झोनमधल्याच हॅरोला. घरात दुसरी गाडी होती पण ती जुनी झाली होती, कधीतरी व्हॅनच एकमेव गाडी होईल हे दिसत होतं.

तिसरी अडचण कागदाची, म्हणजे लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) आणि इन्शुरन्स. त्याबद्दल पुढे.

कोणते पर्याय होते

सीटचे तीन पर्याय निघाले.

पहिला, दादाच्या वहीतला. पुढचं दोन जणांचं पॅसेंजर बाकडं काढून एक फिरती सीट बसवायची. आत जागा मस्त मोकळी होते, जोडप्यासाठी हाच लेआउट लोक करतात. पण मग गाडीत दोनच माणसं बसणार, म्हणजे या घरासाठी हा पर्याय बादच.

दुसरा, मागे क्रॅश टेस्ट झालेली दोन बेल्टवाली सीट विकत घेऊन जाणकाराकडून बसवून घ्यायची. सुरक्षित, मुलीला खिडकी मिळते, आणि पुढचं बाकडं ठेवलं तर एकूण पाच माणसं बसतात, म्हणजे साताऱ्याहून आलेले आजी-आजोबा पण मावतात. त्यांना मिळालेली कोटेशन्स फिटिंग धरून दोन हजार पौंडांच्या वर होती. शिवाय ती सीट ज्या जागी येते तिथे मग पलंग आणि किचन दोन्ही आखडतं, लांब व्हॅन घ्यावी लागते, लांब व्हॅन घरासमोरच्या ड्राइव्हवर (गाडी लावायच्या जागेत) बसत नाही.

तिसरा, पुढची तीन सीटवाली केबिन आहे तशी ठेवायची, मधे मुलगी बूस्टरवर, मागे फक्त राहायची जागा. स्वस्त, कंपनीने बसवलेले बेल्ट, काही कापाकापी नाही. तोटा असा की तिघं चिकटून बसतात आणि चौथ्या माणसाला जागा नाही.

त्यांनी तिसरा घेतला. घेताना दोघांमधे बरीच चर्चा झाली आणि आजी-आजोबांचा मुद्दा वहिनींनीच काढला होता, पण दोन हजार पौंड म्हणजे बजेटचा सहावा हिस्सा, वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी. आई-बाबा आले की घरची कार मागोमाग आणू, असं ठरलं. मला हा निर्णय त्या वेळी बरोबर वाटला आणि आजही वाटतो, पण त्याचे परिणाम काय झाले ते पुढे येईलच.

मी असं सांगेन की निर्णय कोणता घेतला यापेक्षा तो केव्हा घेतला हे इथे महत्त्वाचं ठरलं. व्हॅन घेण्याच्या आधी ठरलं, त्यामुळे तीन सीटवालीच व्हॅन शोधली. नंतर सीट बदलणारे लोक मी बघितलेत, त्यात पैसे आणि मन दोन्ही खर्ची पडतं.

व्हॅन निवडताना

आकार ठरला तो दादाच्या उंचीने. दादा पाच फूट सात इंच. फियाट ड्युकाटो, सिट्रोएन रिले आणि पूजो बॉक्सर या तिन्ही व्हॅन मुळात एकच, इटलीत अटेसाच्या कारखान्यात बनतात, आणि यांच्या बाजू बऱ्यापैकी सरळ असल्यामुळे आतली रुंदी जास्तीत जास्त १८७ सेंटीमीटरच्या आसपास मिळते. इन्सुलेशन आणि प्लाय लावल्यावरही दादा आडवा, म्हणजे गाडीच्या रुंदीत, झोपू शकत होता. आडवं झोपता आलं की पलंग लांबीतली जेमतेम सव्वाचार फूट जागा खातो, उभं झोपायचं तर सहा फूट. या एका गोष्टीमुळे मधल्या लांबीची, ५.४१ मीटरची व्हॅन पुरली. पाच फूट दहाच्या वरच्या माणसाने हा हिशोब तसाच उचलू नये.

वय ठरलं युलेझवरून. या आकाराच्या नव्या व्हॅनना युरो ६ सप्टेंबर २०१६ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्याच्या नंतरचीच बघायची. त्याआधीची व्हॅन हजार-दीड हजार पौंडांनी स्वस्त मिळत होती आणि दादाचा जीव तिच्यात अडकला होता, पण लंडनला महिन्यातून दोन-तीन फेऱ्या धरल्या तरी तीन-चार वर्षांत तो फरक चार्जमधेच गेला असता आणि विकताना गिऱ्हाईक कमी ते वेगळंच.

किमती बघताना एक गोष्ट नवख्या माणसाला हमखास चकवते. मालवाहू व्हॅनच्या जाहिरातीत किमतीपुढे बारीक अक्षरात प्लस व्हॅट लिहिलेलं असतं. धंदेवाल्याला तो व्हॅट परत मिळतो, आपल्याला नाही. ६,५०० ची व्हॅन आपल्याला २० टक्के धरून ७,८०० ला पडते. शेवटी त्यांना एका प्लंबरची घरगुती विक्रीची व्हॅन मिळाली, व्हॅट नाही, ६,८०० पौंड. घेण्याआधी सरकारी वेबसाइटवर नंबर टाकून एमओटीचा (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास काढला, तो फुकट बघता येतो, दरवर्षीचं मायलेज आणि टेस्टरने लिहिलेले शेरे सगळं दिसतं. टायर झिजत आलेत हा शेरा होताच. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मात्र प्लंबरकडे नव्हती, आणि बेल्ट तुटला तर इंजिनच जातं, त्यामुळे टायर आणि बेल्ट मिळून ९०० पौंड पहिल्याच महिन्यात गेले. हा खर्च बजेटमधे नव्हता. कॅम्परचं बजेट करताना लोक लाकूड, बॅटरी, फ्रिज लिहितात आणि गाडी ही गाडी आहे हे विसरून जातात.

कागद

लॉगबुकवर बॉडी टाइप पॅनेल व्हॅन असतो, तो बदलून मोटर कॅरॅव्हॅन, म्हणजे कॅम्पर, करून घ्यावा असं सगळ्यांना वाटतं. डीव्हीएलएच्या (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमात आतल्या गोष्टी आहेतच, झोपायची सोय, बसायची जागा आणि टेबल, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटं, पण त्याचबरोबर गाडी बाहेरून बघितल्यावर कॅम्पर वाटली पाहिजे, म्हणजे एका बाजूला किमान दोन खिडक्या, ऑनिंग (बाजूला ओढायचं कापडी छत), बाहेरचे ग्राफिक्स असल्या गोष्टी बघितल्या जातात. घरी बनवलेल्या भरपूर व्हॅनना तो बदल मिळत नाही.

इथे दादा-वहिनींनी शहाणपणाची गोष्ट केली, त्यांनी हा बदल मिळेल असं धरून काहीच आखलं नाही. काम सुरू करायच्या आधी, पहिलं भोक पाडायच्या आधी, इन्शुरन्सवाल्यांना फोन केला. सेल्फ-बिल्ड कॅम्परला कव्हर देणाऱ्या कंपन्या असतात, त्या लॉगबुकवर काय लिहिलंय यापेक्षा गाडीत खरंच काय बसवलंय ते विचारतात, काम पूर्ण करायला मुदत देतात आणि शेवटी फोटो मागतात. वहिनींनी प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि पावत्या तारखेनुसार ठेवल्या. खिडक्या बसवल्यावर तो बदल लॉगबुकसाठी रीतसर कळवला. स्पीडच्या बाबतीत ते व्हॅनचीच मर्यादा पाळतात, साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवेवर ६०, मोटरवेवर ७०. कॅम्पर म्हणून धरली तर ६०, ७०, ७० मिळू शकतात, पण त्यासाठी वाद घालत बसण्यापेक्षा दहा मिनिटं उशिरा पोचू असं वहिनींचं म्हणणं.

आतलं काम

फ्लोअर, इन्सुलेशन, प्लायचं अस्तर, हे सगळं शनिवार-रविवारी ड्राइव्हवर झालं, पाऊस पडला की थांबायचं. खिडक्या आणि छतावरचा ४० बाय ४० सेंटीमीटरचा व्हेंट (हवा जायची झडप) बसवताना पत्रा कापायला दादाला फार भीती वाटत होती. कापलेल्या कडेला लगेच गंजरोधक प्रायमर लावायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा एवढं सांभाळलं की भीतीचं कारण नाही, गळती आणि गंज तिथूनच सुरू होतो.

वायरिंग. इथे मी थोडं सविस्तर लिहितो कारण जुन्या व्हिडिओंमधे सांगतात ते इथे चालत नाही. पूर्वी इंजिनची बॅटरी आणि मागची घरगुती बॅटरी यांच्यामधे एक साधा रिले, म्हणजे आपोआप जोडणारा स्विच, टाकायचे, इंजिन चालू झालं की दोन्ही चार्ज. युरो ६ गाड्यांमधे बहुधा स्मार्ट आल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीज बनवायचं यंत्र) असतो, तो डिझेल वाचवायला मधेच व्होल्टेज पाडतो, आणि मग मागची बॅटरी कधीच नीट भरत नाही. म्हणून ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर घेतला, तो येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी मागची बॅटरी नीट भरतो. दादाने वायर आणली होती ६ चौरस मिलिमीटरची, कारण ती स्वस्त होती आणि ३० अँपिअरने ती जळणार नाही हे खरंही आहे. पण पुढून मागे जाऊन परत यायचं अंतर १० मीटर, त्यात जवळपास ०.९ व्होल्ट वायरमधेच गळतो. १६ चौरस मिलिमीटरची घेतली की तोच आकडा ०.३ वर येतो. बारा व्होल्टच्या कामात हा फरक मोठा असतो. वायर परत करून जाड आणली. प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, शक्य तितका जवळ, फ्यूज. तो चार्जरजवळ लावून उपयोग नाही, कारण मधली वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग तिथेच लागते.

बॅटरी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे १२८० वॉट-अवर. फ्रिज, दिवे, फोन, पंखा मिळून दिवसाला त्यांचं निम्म्याच्या आसपास जातं. ही बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणून ती गाडीच्या आत, बाकड्याखाली ठेवली. छतावर १७५ वॉटचं सोलर. जूनमधे तेवढं पुरून उरतं, डिसेंबरमधे नुसता फ्रिजसुद्धा त्यावर चालत नाही, तेव्हा गाडी चालवूनच चार्ज करावी लागते.

स्वयंपाकावर सगळ्यात जास्त मतभेद झाले. दादाला इंडक्शन हवं होतं, गॅसची कटकट नको. पण दीड हजार वॉटचं इंडक्शन बारा व्होल्टवर चालवायचं तर बॅटरीतून १३०-१४० अँपिअर ओढतं, मोठा इन्व्हर्टर, अजून दोन बॅटऱ्या, सरळ हजार-बाराशे पौंड वाढले असते. वहिनींचं म्हणणं होतं की आपण नुसतं सूप गरम करणारी माणसं नाही, सकाळी पोहे, रात्री कुकर, मधे चारदा चहा. मग दोन बर्नरची गॅसची शेगडी आणि छोटा प्रोपेनचा सिलिंडर. प्रोपेनच का, तर ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवातून वायूच होत नाही, सिलिंडर भरलेला असून शेगडी पेटत नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. सिलिंडरची पेटी आतून हवाबंद आणि तिच्या तळाला थेट गाडीखाली उघडणारं भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. हे एकच काम त्यांनी स्वतः केलं नाही. एलपीजीचं रजिस्ट्रेशन असलेल्या गॅस सेफ (इथली अधिकृत गॅस कारागिरांची नोंदणी) इंजिनिअरकडून करून घेतलं, लेखी सर्टिफिकेट घेतलं, शेगडी धरून ५०० पौंड. बजेट कितीही ताणलेलं असो, इथे हात आखडू नये असं मला कळकळीने वाटतं, कारण त्या छोट्याशा खोलीत एक लहान मूल झोपणार असतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या रात्रीच्या आधी लागला. डिझेल हीटर चायनीज, १५० पौंडांच्या आत, त्याचा धूर पूर्ण गाडीच्या बाहेर नेला.

झोपायची व्यवस्था अशी. मागे आडवा पलंग, उंची ८५ सेंटीमीटर, खाली सायकली आणि पाण्याचे कॅन. मुलीसाठी पुढच्या तीन सीटवर रात्री टाकायची फळी आणि गादी, तिची उंची वाढेल तसं ते किती वर्षं पुरेल हा प्रश्न आहेच, पण तिला ती जागा इतकी आवडली की घरीसुद्धा तिथेच झोपू का विचारत होती.

पहिला हिवाळा

फेब्रुवारीत घरासमोरच एक रात्र झोपून बघितलं. हा सल्ला मी प्रत्येकाला देतो, पहिली रात्र आपल्याच दारात काढा. रात्री कुकर लावला, तीन शिट्ट्या, वरण-भात झाला, व्हेंट थंडी म्हणून बंद. पहाटे वहिनींच्या कपाळावर पाणी टपकलं. छताच्या प्लायवर सरळ ओळीत ओल आली होती, एक पट्टा ओला, मग कोरडं, परत एक पट्टा ओला.

त्या ओळी बघूनच कारण कळत होतं. छताच्या पत्र्याला आतून लोखंडी बरगड्या असतात. दादाने दोन बरगड्यांच्या मधल्या सपाट भागात फोमचे जाड बोर्ड नीट कापून बसवले होते, पण बरगड्या तशाच उघड्या ठेवून त्यांच्यावरच प्लाय स्क्रूने आवळला होता. बाहेरची थंडी बरगडीतून थेट आत आणि श्वासाची, कुकरची वाफ त्या गार पट्ट्यांवर येऊन बसली. पर्याय दोन होते. एक म्हणजे व्हेंट उघडा ठेवून, हीटर चालवून निभावून नेणं. दुसरा, सगळं छत परत खोलणं. दादा पहिल्याच्या बाजूने होता, साहजिक आहे, ते छत बसवायला त्याने किती मेहनत घेतली होती ते मी बघितलंय. वहिनी म्हणाल्या की ओल आत कोंडली तर पत्रा आतून गंजेल आणि प्लाय काळा पडेल, आता खोलू, नंतर कपाटं लागल्यावर खोलताच येणार नाही. खोललं. बरगड्यांवर १० मिलिमीटरचा चिकटणारा बंद-पेशीचा (ओल न शोषणारा) फोम लावला, १२० पौंड आणि दोन वीकएंड. शिवाय नियम केला की कुकर चालू असताना व्हेंट उघडा आणि पंखा चालू, मग थंडी असो. रात्रीही व्हेंट बोटभर उघडाच ठेवायचा.

काय निष्पन्न झालं

एकूण खर्च १२,८५० पौंड, त्यात ४०० ची हत्यारं जी आता घरी कामाला येतात. सगळं भरून, तिघं आत बसून वेब्रिजवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, वजन केलं. गाडी आपल्या मर्यादेच्या बऱ्याच खाली निघाली. वेब्रिजचे थोडेसे पैसे पडतात पण गाडीवर लिहिलेल्या मर्यादेत आपण आहोत हे कागदावर असावं.

उन्हाळ्यात पेम्ब्रोकशरला, मग नॉर्थम्बरलँडला जाऊन आले. समुद्राकाठच्या कारपार्कला दोन मीटर उंचीचे आडवे बार असतात, यांची व्हॅन व्हेंट आणि सोलर धरून अडीच मीटरच्या वर, त्यामुळे बरीच सुंदर ठिकाणं बाहेरूनच बघावी लागली. उंची फूट आणि मीटर दोन्हीत लिहून डॅशबोर्डवर चिकटवलीये. कुठेही गाडी लावून झोपायचा हक्क इथे नाही, इंग्लंड-वेल्समधे नाहीच आणि स्कॉटलंडमधे जी फिरण्याची मोकळीक आहे ती पायी फिरणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आहे, मोटारगाड्यांना नाही. म्हणून ते साइट बुक करूनच राहतात, तो खर्च धरूनही कॉटेजपेक्षा खूप कमी पडतो.

आणि मग आई-बाबा आले. ठरल्याप्रमाणे दोन गाड्या काढल्या, दादा व्हॅन आणि मुलगी, वहिनी कार आणि सासू-सासरे. साइटवर आजी-आजोबांना व्हॅनमधला पलंग द्यायचा आणि बाकीच्यांनी तंबूत झोपायचं अशी सगळ्यांची इच्छा. पण ८५ सेंटीमीटर उंच पलंगावर सत्तरीतल्या गुडघेदुखीच्या माणसाने चढायचं कसं? पहिल्या रात्री आजोबा स्टुलावर पाय ठेवून चढले, रात्री उठून उतरताना अंधारात स्टूल सरकलं, सुदैवाने हात कपाटाला लागला म्हणून पडले नाहीत. दुसऱ्या रात्री आजी-आजोबांनी सरळ सांगितलं, आम्ही खालीच झोपतो, आणि तंबूत हवेच्या गादीवर झोपले.

वेगळं काय करता आलं असतं

बरगड्यांचं इन्सुलेशन पहिल्यांदाच करता आलं असतं हे उघड आहे. टायर-बेल्टसाठी किमतीच्या दहा-पंधरा टक्के बाजूला काढून मगच व्हॅन बघायला जायला हवं होतं. वायर घेण्याआधी अंतर मोजायला हवं होतं.

सीटबद्दल मात्र मी वेगळं सांगणार नाही. मागची क्रॅश टेस्टवाली सीट घेतली असती तर पाच जण एका गाडीत बसले असते, पण लांब व्हॅन, जास्त पैसे, छोटं किचन, आणि बहुधा हे काम कधी पूर्णच झालं नसतं. ज्या घरात आजी-आजोबा कायम सोबत राहतात त्यांनी मात्र तीच सीट घ्यावी, पलंगाऐवजी तंबू घ्यावा लागला तरी चालेल.

राहून गेलं ते वेगळंच. आजी-आजोबांचा विचार झाला तो फक्त प्रवासात कुठे बसतील एवढाच, मुक्कामाला कसे राहतील हा झालाच नाही. पलंगाची उंची सायकलींनी ठरवली. सीटचा प्रश्न विचारताना तेव्हाच साताऱ्याला व्हिडिओ कॉल करून, आई, किती उंचीवर तुम्हाला सहज बसता येतं असं विचारलं असतं आणि घरातल्या दिवाणाची उंची मोजून घेतली असती तर काम पाच मिनिटांचं होतं.

आता दोन पर्याय आहेत. पलंग ६० सेंटीमीटरवर आणायचा, म्हणजे फ्रेम कापून परत जोडायची, सायकली मागच्या दारावरच्या रॅकला लावायच्या, गाडीची लांबी वाढणार आणि रॅकचा खर्च वेगळा. किंवा पलंग तसाच ठेवून कडेला जमिनीला घट्ट बोल्ट केलेली, आतून सामान ठेवता येईल अशी दोन पायऱ्यांची पेटी करायची आणि वर धरायला दांडा लावायचा, त्याने चालायची जागा फूटभर कमी होते. दादा पेटीच्या बाजूने आहे, वहिनी पलंग खाली आणायच्या. माझं मत वहिनींच्या बाजूला आहे, कारण पायऱ्या दिवसा ठीक आहेत, रात्री दोनला झोपेत उतरताना नाहीत. आई-बाबा पुढच्या मे महिन्यात यायचेत, तोपर्यंत काय ते ठरवून करायचंय, आणि या वेळी आजोबांनी दिवाणाची उंची मोजून आधीच पाठवलीये, १८ इंच.